दात काढण्याआधी

आमच्याकडे दाढदुखीचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो: 'काढूनच टाका एकदाची.' हे म्हणणारा माणूस निष्काळजी नसतो. त्याने लवंग दाबून पाहिलेली असते, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या केलेल्या असतात, मेडिकलमधून गोळ्या आणून दोन-तीन रात्री कशाबशा काढलेल्या असतात. ठणका कानापर्यंत गेला, गाल सुजला, रात्रीची झोप उडाली, की मग तो दवाखान्याची पायरी चढतो. तोवर त्याला दाढ नको झालेली असते. त्याला फक्त सुटका हवी असते.

आमचं खडवली हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरचं, टिटवाळा आणि वासिंद यांच्या मधलं स्टेशन. मुंबईपासून सत्तरेक किलोमीटर. बाहेरच्या लोकांना ते भातसा नदीमुळे आणि पावसाळी सहलींमुळे माहीत आहे. इथे राहणाऱ्यांचा दिवस मात्र गाडीच्या वेळेवर चालतो. टिटवाळ्यापर्यंत गाड्या बऱ्यापैकी आहेत, त्याच्या पुढे कमी होतात. एक गाडी हुकली की फलाटावर बसून राहायचं. कोणी ठाण्या-मुंबईला नोकरीला जातं, कोणी भाजीच्या पाट्या घेऊन कल्याणचा बाजार गाठतं, कोणी भातशेती करतं, कोणी वीटभट्टीवर राबतं. यातल्या कुणालाही 'पुढच्या मंगळवारी अकरा वाजता या' असं सांगितलं, तर त्याचा अर्थ एक दिवसाची रोजी किंवा एक रजा गेली, असा होतो. दात काढणं एका खेपेत होतं. दात राखायला अनेक खेपा लागतात. गेली काही वर्षं मी स्वतःच्या, घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या दातांच्या निमित्ताने हा हिशोब जवळून पाहत आले आहे. माझं मत असं झालं आहे की आपल्या लोकांचे दात अज्ञानापेक्षा या खेपांपायीच जास्त जातात.

माझी खालच्या जबड्यातली एक दाढ कल्याणला रूट कॅनाल करून वाचली. तोंडात नेमकं काय चाललंय हे समजून घेण्याचा मी हट्ट धरला होता, आणि तिथल्या डॉक्टर मॅडमनी तो प्रेमाने पुरवला. दाताचं वरचं आवरण, इनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. पण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. त्यामुळे हाड मोडलं तर सांधतं, कातडी फाटली तर भरून येते, इनॅमलला पडलेलं भोक मात्र आपणहून कधीच भरत नाही. कीड इनॅमल ओलांडून आत शिरली की दाताच्या गाभ्यातल्या जिवंत भागापर्यंत, नसांपर्यंत पोचते. इतरत्र सूज आली तर तिला पसरायला जागा असते. दाताच्या आत चारही बाजूंनी टणक भिंती. दाब वाढत जातो आणि वाट कुठेच मिळत नाही. मस्तकात जाणारा तो ठणका याच दाबाचा असतो. पुढे आतला भाग मरून जातो आणि ठणका अचानक थांबतो. माणसाला वाटतं, बरं झालं. खरं तर आजार त्या वेळी मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडाकडे निघालेला असतो.

भुलीचं इंजेक्शन दिल्यावर त्यांनी दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला. थुंकी आत जाऊ नये आणि आतलं औषध घशात उतरू नये म्हणून. मग दाढेच्या माथ्यावर वाट करून केसासारख्या बारीक फाइल एकामागून एक मुळांत उतरवल्या. मुळं सरळ नसतात, टोकाशी वळतात, आणि एकेका मुळात कधी एक तर कधी दोन नळ्या असतात. एखादी नळी नजरेतून सुटली तर सगळी मेहनत वाया जाते. फाइल मुळाच्या टोकाला टेकली की एक छोटं यंत्र बीप करायचं. मधून मधून ब्लीचसारख्या वासाच्या द्रावणाने आतली जागा धुतली जायची. मॅडम त्या वेळी बोलायच्या थांबत, आणि त्यांची सहायक न सांगता पुढची फाइल हातात ठेवायची. ज्या जागेत तांदळाचा दाणा मावणार नाही, तिथे दोन माणसं एवढं लक्ष एकवटून काम करताना मी पाहिली, आणि माझा या विद्येबद्दलचा आदर कायमचा वाढला.

पुढच्या खेपेला त्या स्वच्छ केलेल्या नळ्यांत गुलाबी रंगाच्या बारीक काड्या भरल्या गेल्या. त्यांना गट्टापर्चा म्हणतात. मलायातल्या एका झाडाच्या चिकापासून हा पदार्थ मिळतो. दाताच्या मुळात तो बसला की आत जंतूंना जागा उरत नाही.

दुखणं इथे पूर्ण थांबतं आणि नेमक्या इथेच आपल्याकडचे कितीतरी रुग्ण परत जायचं सोडतात. कॅपचे पैसे पुढच्या महिन्यावर जातात, पुढच्या महिन्यात मुलांच्या फिया येतात, मग लावणी येते. पण रूट कॅनाल केलेली दाढ आतून पोकळ झालेली असते. तिचं छप्पर कापलेलं असतं आणि कडा उघड्या पडलेल्या असतात. कॅप नसेल तर एखाद्या दिवशी शेंगदाणा चावताना ती उभी चिरते, आणि चीर मुळापर्यंत गेली की तिला वाचवता येत नाही. मग लोक म्हणतात, रूट कॅनाल करूनही दाढ गेलीच. उपचार अर्ध्यावर सुटला होता, ही गोष्ट कुणी सांगत नाही, कारण कुणी ती नीट समजावलेलीच नसते. डॉक्टरने पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यावं की एकूण किती खेपा, प्रत्येक खेपेला काय होणार, किती पैसे लागणार आणि कुठे थांबलात तर काय बिघडेल. एवढ्या एका कागदाने बऱ्याच दाढा वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

कॅप बसवताना मॅडमनी दातांमध्ये निळ्या कार्बनचा एक पातळ कागद ठेवून मला चावायला सांगितलं. जिथे निळा ठिपका गडद उमटला तिथे त्यांनी कॅप किंचित घासली. पुन्हा कागद, पुन्हा ठिपका, पुन्हा घासणं. हे बराच वेळ चाललं. मी म्हटलं, आता ठीक वाटतंय. त्या म्हणाल्या, तुम्हाला वाटून चालणार नाही, जबड्याला वाटलं पाहिजे. कानाच्या अगदी पुढे जबड्याचा सांधा असतो. बोट ठेवून तोंड उघडलं-मिटलं की तो हलताना जाणवतो. तो नुसता बिजागरीसारखा फिरत नाही, तोंड मोठं उघडताना पुढेही सरकतो. दोन्ही बाजूंच्या सांध्यांनी एका तालात काम करायचं असतं. एखादी कॅप केसभर उंच राहिली तर चावताना सगळा भार आधी तिच्यावर येतो, दाढ दुखते, गालाचे आणि कानशिलाचे स्नायू आखडतात, काही जणांना डोकेदुखी सुरू होते. दाताची आणि जबड्याची दुखणी वेगवेगळी नाहीत, हे मला त्या निळ्या कागदाने शिकवलं.

हेच मी माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, तोंडात उलट्या बाजूने पाहिलं. त्यांच्या पिढीत दात काढणं हाच उपचार होता. एक दाढ गेली, मग शेजारची. जागा रिकामी झाली की शेजारचे दात तिच्याकडे कलतात आणि समोरच्या जबड्यातला दात आधार नसल्यामुळे हळूहळू लांबतो. मग अन्न अडकतं, नवी कीड लागते, आणखी एक दाढ जाते. एका बाजूने चावता येईना म्हणून अण्णा वर्षानुवर्षं दुसऱ्याच बाजूने चावत राहिले, आणि मग त्या बाजूचा सांधा जांभई देताना कटकट वाजू लागला. शेवटी कवळी आली. वरची टाळूला चिकटून बसते, ती त्यांनी स्वीकारली. खालचीला धरायला पुरेशी जागाच नव्हती. दात होते तोवर जबड्याच्या हाडाची कड टिकली. दात गेले, काम संपलं, तसं ते हाड झिजत गेलं. ही झीज पहिल्या वर्षात सगळ्यात वेगाने होते आणि नंतर मंदपणे आयुष्यभर चालू राहते.

अण्णांना तांदळाची भाकरी आणि सुकट हे जेवण फार प्रिय होतं. आई भाकरी आमटीत चुरून द्यायला लागली, मग ऊस बंद झाला, भाजलेलं कणीस बंद झालं, पेरू बंद झाला. त्यांनी तक्रार केली नाही. पण लग्नकार्यात पंगतीला बसायचं ते टाळू लागले, आणि हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. दात गेल्याने माणसाचं खाणं बदलतं एवढंच आपण धरतो. त्याचं चारचौघांत बसणं, मोकळं हसणं, फोनवर स्पष्ट बोलणं हेही त्याबरोबर कमी होतं, आणि याची नोंद कुठल्याच केसपेपरवर होत नाही.

आज हरवलेल्या दाताच्या जागी टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवून त्यावर दात उभा करता येतो. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क यांना १९५२ साली सशाच्या हाडावर प्रयोग करताना दिसलं की टायटॅनियम हाडाशी एकजीव होऊन बसतं, सहज निघत नाही. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असं रोपण केलं. ही मोठीच देणगी आहे. पण इम्प्लांटलाही हाड लागतं, महिने लागतात आणि बराच पैसा लागतो. ज्याला कॅपसाठी थांबावं लागतं त्याला इम्प्लांटचा दिलासा देण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी स्वतःची दाढ टिकवणं हाच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपाय आहे.

जबड्याचं आणखी एक दुखणं आमच्या स्टेशनबाहेर रोज दिसतं. माझ्या ओळखीचा एक तरुण रिक्षावाला वडापाव तोडून, चपटा करून खातो. त्याचं तोंड पुरेसं उघडत नाही. सुरुवातीला तिखट झोंबायचं, मग गाल आतून पांढुरके आणि कडक झाले. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात. याच्या तोंडात दोन बोटं कशीबशी जातात. या रोगाला डॉक्टर ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्याची नोंद केली, आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिलं. म्हणजे हा रोग ओळखण्यात आपल्या मुंबईच्या डॉक्टरचा वाटा आहे, आणि तो सोसण्यात आपल्याच तरुणांचा.

या रोगाचं मुख्य कारण सुपारी. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साठत जातात, लवचिकपणा जातो, पट्टे तयार होतात. अशा तोंडात कर्करोगाचा धोका वाढतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने काढलेला आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या मिळतात, मावा घोटून दिला जातो, आणि बंदी आली तरी सवय गेलेली नाही. घट्ट झालेला गाल पूर्ववत मऊ होत नाही. सुपारी सोडली तर रोगाची चाल मंदावते, गालात इंजेक्शनं देतात, फारच बळावला तर शस्त्रक्रिया करतात. त्याच्या जोडीला रोजचा व्यायाम असतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून त्यांची गड्डी दातांमध्ये धरायची आणि काही दिवसांनी त्यात एक काडी वाढवायची. हा पोरगा फेरीच्या मधल्या वेळात रिक्षात बसून तो व्यायाम करतो. त्याची मागची दाढ किडली आहे. तिच्यावर रूट कॅनाल करायला डॉक्टरचं यंत्र तोंडात शिरतच नाही. आधी जबडा उघडला पाहिजे, मग दाढ वाचेल. तो चिकाटीने करतो आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

बायकांचं याहून वेगळं आहे. मिश्री लावणाऱ्या बाया सांगतात की मिश्रीने दाढदुखी थांबते. ती भाजलेल्या तंबाखूची पूड असल्याने बधिरपणा येतो, हे खरं आहे. पण दुखणं झाकलं जातं, हिरड्या मागे सरकतात, आणि दवाखान्यात जायचा दिवस आणखी लांबतो. घरातल्या सगळ्यांची औषधं लक्षात ठेवणारी बाई स्वतःच्या दाढेला मिश्री लावून कामाला लागते. तिला ओरडून उपयोग नाही. तिच्या वेळेला आणि तिच्या पैशांत परवडेल असा दवाखाना जवळ असायला हवा.

मुलांच्या बाबतीत तर एक साधी माहिती पोचली तरी पुष्कळ काम होईल. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे आई-वडिलांना ती आल्याचं कळतच नाही. किडली तरी ते म्हणतात, दुधाचीच आहे, पडेल आणि नवी येईल. ती कायमची असते. पुढची साठ-सत्तर वर्षं चावण्याचा मोठा भार तिच्यावर पडणार असतो. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, तिथे बिस्किट आणि चॉकलेट अडकून बसतं. त्या खाचा वेळेवर बुजवल्या तर कीड टळते, आणि कीड लहान असताना भरली तर रूट कॅनालची पाळीच येत नाही. पहिलीतल्या प्रत्येक मुलाच्या पालकांना ही दाढ एकदा आरशात दाखवली पाहिजे.

दात घासायच्या वस्तू गावात कधीच पोचल्या आहेत. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली विको कंपनी सुरू केली, आणि तिचं वज्रदंती गावोगावच्या दुकानांत पोचलं. खडवलीच्या किराणा दुकानात दंतमंजन, पेस्ट, ब्रश सगळं मिळतं. वस्तू गावात पोचली, उपचार पोचला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दंतवैद्य नसतो. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे कमी पैशांत आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली फार चांगलं काम होतं, हे मी नातेवाइकांबरोबर जाऊन पाहिलं आहे. पण सकाळच्या ओपीडीसाठी इथून पहाटेची गाडी धरावी लागते, आणि असं एकदा नाही, अनेकदा.

या खेपा कमी करणं अशक्य नाही. ऐंशीच्या दशकात टांझानियात एक पद्धत सुरू झाली. किडलेला मऊ भाग यंत्राऐवजी हातातल्या साध्या अवजारांनी खरवडून काढायचा आणि दाताला स्वतःहून चिकटणारं, फ्लोराइड सोडणारं ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. त्याला वीज लागत नाही, खुर्ची लागत नाही, बहुतेक वेळा इंजेक्शनही लागत नाही. शाळेच्या बाकावर मुलाला झोपवून हे करता येतं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे सिमेंट आणि कीड थोपवणारं सिल्व्हर डायमिन फ्लोराइड आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. या फ्लोराइडने किडलेला भाग काळा पडतो, दिसायला बरं दिसत नाही, पण कीड थांबते. म्हणजे साधन आहे, ते स्वस्त आहे, आणि आपल्या राज्यात दरवर्षी दंतवैद्यकीचे विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडताहेत. कमतरता आहे ती महिन्यातून एक ठरलेला दिवस, ठरलेली शाळा आणि परत येणारा तोच डॉक्टर यांची. एकदाच होणाऱ्या शिबिरात दात मोजले जातात, पेस्टच्या ट्यूब वाटल्या जातात, फोटो निघतात. दात भरायला मात्र त्याच माणसाने पुन्हा यावं लागतं.

प्रत्येक दाढ वाचवता येते असं माझं म्हणणं नाही. मुळापर्यंत चिरलेली, हाडाचा आधार गेलेली दाढ काढणंच योग्य असतं, आणि चांगला डॉक्टर ते स्पष्ट सांगतो. पण ज्या दाढा आमच्या भागात निघतात त्यांतल्या बऱ्याच पहिल्या कळेला भरता आल्या असत्या, दुसऱ्या कळेला रूट कॅनालने वाचल्या असत्या. त्या गेल्या कारण प्रत्येक खेपेला एक दिवसाची रोजी जात होती. उपचाराच्या निम्म्या खेपा जरी गावात, शाळेत किंवा संध्याकाळी गाडी उतरल्यावर स्टेशनजवळच्या एखाद्या सार्वजनिक दवाखान्यात होऊ लागल्या, तर 'काढूनच टाका' हा नाइलाज राहणार नाही. तो डॉक्टर आणि रुग्णाने मिळून, सगळे मार्ग पाहून घेतलेला निर्णय असेल. आपल्या ग्रामपंचायतींनी आणि आरोग्य खात्याने रस्त्या-पाण्याइतक्याच गांभीर्याने ही मागणी हाती घ्यावी, आणि सुरुवात पहिलीच्या वर्गातल्या त्या सहा वर्षांच्या दाढेपासून करावी.